छेद कुठे आहे? हार्वर्डचा १९०५ चा फुटबॉल हंगाम आणि १४५ दुखापती

पेट पास झालं, कोर्सवर्क सुरू झालं की रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आपण सगळेच काही शब्द पाठ करतो. नमुना निवड, प्रश्नावली पद्धत, निरीक्षण पद्धत, पूर्वग्रह. व्याख्या विचारली तर फाडफाड सांगता येते. पण स्वतःचा सिनॉप्सिस लिहायला बसलं की हे शब्द कुठे वापरायचे ते कळत नाही. "२०० जणांना प्रश्नावली देण्यात येईल" असं लिहून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एका संघाच्या एका हंगामाचा इतिहास बघू. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा फुटबॉल संघ, साल १९०५. या हंगामात मैदानावर दोन डॉक्टर वही घेऊन उभे होते. त्यांनी काय लिहिलं, ते लिहिण्याआधी लोक काय समजत होते, आणि लिहिल्यानंतर काय झालं, एवढंच सांगायचं आहे. खेळाची आवड नसली तरी चालेल.

आधी खेळ समजून घ्या

आपण नांदेड-लातूरला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचं असतं आणि समोरच्या संघाने पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचं असतं. कबड्डीची पकड डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे दोन्ही बाजूंना ११-११ जण आणि सगळे एकदम भिडलेले.

१९०५ मधला नियम असा होता: तीन प्रयत्नांत चेंडू ५ यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, पुढे न्यायचा. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू पुढच्या दिशेने फेकायला बंदी होती. आता विचार करा, तीन प्रयत्नांत साडेचार मीटरच जायचं असेल आणि फेकता येत नसेल तर कोणताही संघ काय करेल? सगळे एकत्र येऊन मुसंडी मारतील. चेंडू धरलेल्याला मागून ढकलायचं, पुढून ओढायचं, आणि शेवटी वीस-बावीस माणसांचा ढीग. त्या ढिगाखाली काय चाललंय ते पंचाला दिसायचं नाही. डोक्याला कातडी टोपी घालायची की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं.

आणि हा खेळ खेळत होते कॉलेजचे विद्यार्थी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नावं आज आपण विद्यापीठांच्या क्रमवारीत वाचतो. तेव्हा ती वर्तमानपत्रात फुटबॉलसाठी झळकायची. हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचं भलंमोठं स्टेडियम बांधलं होतं. १९०५ साठी बिल रीड नावाचा विशीतला तरुण प्रशिक्षक नेमला, त्याला वर्षाला ७००० डॉलर. हा आकडा हार्वर्डच्या कोणत्याही प्राध्यापकाच्या पगाराहून मोठा होता. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना हा खेळ अजिबात पसंत नव्हता, पण माजी विद्यार्थ्यांपुढे त्यांचं फारसं चालत नव्हतं.

सगळीकडे सापडणारी गोष्ट, आणि तारखा

या हंगामाबद्दल गूगल केलंत तर एक गोष्ट हमखास सापडेल. १९०५ मध्ये फुटबॉल खेळताना १८ जण मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट खवळले, त्यांनी प्रशिक्षकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून दम दिला, 'सुधारा नाहीतर बंदी घालतो' म्हणाले, आणि खेळ सुधारला.

गोष्ट ऐकायला छान आहे. आता तारखा लावून बघा. रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावलं ती बैठक ९ ऑक्टोबर १९०५ ची. मृतांची ती यादी 'शिकागो ट्रिब्यून'ने हंगाम संपताना, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस छापली. मग ऑक्टोबरच्या बैठकीचं कारण नोव्हेंबरची यादी कशी असेल? शिवाय कॉलेजच्या खेळावर बंदी घालण्याचा अधिकार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला नव्हताच. रूझवेल्ट स्वतः हार्वर्डचे माजी विद्यार्थी, फुटबॉलचे चाहते. त्यांचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता. त्यांना खेळ वाचवायचा होता.

लक्षात घ्या, या गोष्टीतले सुटे तुकडे खरे आहेत. बैठक झाली, यादी छापली गेली, नियम बदलले. चुकीचा आहे तो त्यांना जोडणारा "म्हणून". साहित्याचा आढावा लिहिताना आपण दहा पेपरांतून वाक्यं उचलतो. त्यातले नऊ पेपर एकमेकांवरून लिहिलेले असतात. अशा वेळी एक साधी सवय लावून घ्या: कागदावर उभी रेघ मारा आणि घटना तारखेनुसार मांडा. कितीतरी "म्हणून" तिथेच गळून पडतात.

१८ मृत्यू: अंश आहे, छेद नाही

आता त्या १८ आकड्याकडे या. सोबत १५९ गंभीर जखमींचा आकडाही छापला होता. संपूर्ण देश हादरला. २५ नोव्हेंबरला युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर हा खेळाडू न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून गेला, तेव्हा तर संतापाचा कडेलोट झाला. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी इतर कॉलेजांना एकत्र बोलावलं. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद करून टाकला.

एकेक मृत्यू खरा होता, प्रत्येकामागे एक घर होतं, हे विसरायचं नाही. पण संशोधक म्हणून आपल्याला विचारावंच लागतं: १८, ते कितीपैकी? त्या यादीत शाळकरी मुलं होती, गावोगावी मोकळ्या जागेत खेळणारी हौशी पोरं होती. कॉलेज संघांचे खेळाडू त्यात तीनच होते, असं इतिहासकार सांगतात. देशभरात किती जण खेळत होते, किती सामने झाले, हे कुणी मोजलेलं नव्हतं. यादी बनली होती वर्तमानपत्रांच्या बातम्यांवरून. ज्या गावची बातमी पोचली तो मृत्यू मोजला गेला, नाही पोचली तो राहिला.

याचं उलटं रूप आपल्याकडे रोज दिसतं. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला क्लासेसच्या गल्लीत उभे राहून होर्डिंग बघा. अमुक गुण, तमुक रँक, चाळीस हसरे फोटो. कितीपैकी चाळीस? ते होर्डिंगवर नसतं. बॅचमध्ये चारशे होते की चार हजार, त्यावर त्या चाळीसचा अर्थ ठरतो. अपूर्णांकात अंश वर असतो म्हणून आधी दिसतो, पण किंमत छेद ठरवतो. ही गोष्ट आपण पाचवीत शिकलो आणि पीएच.डी.पर्यंत येताना विसरलो.

१९०५ मध्ये खेळाच्या विरोधकांकडे १८ चा अंश होता. खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे काय होतं?

कॅम्पची प्रश्नावली

त्यांच्याकडे होतं वॉल्टर कॅम्प यांचं पुस्तक. कॅम्प म्हणजे येलचे, अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ. १८९० च्या दशकात खेळावर टीका वाढली तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या समितीने माजी खेळाडूंना प्रश्नावली पाठवली. खेळाने तुमचं नुकसान झालं का? फायदा झाला का? उत्तरं १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. सूर असा की बहुतेकांना खेळाचा फायदाच झाला, कायमची इजा क्वचितच.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजून ही पद्धत तपासा.

पहिली गोष्ट, उत्तर कोण देणार? जो धडधाकट आहे, ज्याला कॉलेजचे दिवस प्रेमाने आठवतात, तो. जो मैदानावर मेला त्याच्याकडून प्रश्नावली परत येत नाही. ज्याने इजा होऊन पहिल्याच वर्षी खेळ सोडला, त्याचं नाव माजी खेळाडूंच्या यादीत असण्याची शक्यता कमी.

दुसरी गोष्ट, दहा वर्षांपूर्वीच्या दुखापती विचारल्या तर माणूस काय आठवेल? हाड मोडलेलं आठवेल. एका सामन्यात डोक्याला हिसका बसला आणि अर्धा तास काही कळत नव्हतं, हे कसं आठवणार? आठवण साठवणाऱ्या अवयवालाच मार लागलेला.

तिसरी गोष्ट, मोजणारा कोण? ज्याने खेळाचे नियम घडवले, ज्याची प्रतिष्ठा खेळात गुंतलेली आहे, तोच. प्रतिकूल उत्तरांना पुस्तकात पुरेशी जागा मिळाली नाही, हे पुढच्या इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे.

म्हणजे एका बाजूला छेद नसलेला अंश, दुसऱ्या बाजूला ठणठणीत लोकांचीच साक्ष. दोन्ही बाजू आकडे फेकत होत्या आणि एका सर्वसाधारण खेळाडूला एका सर्वसाधारण हंगामात काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दोन डॉक्टर, एक वही

१९०५ च्या हंगामात हार्वर्ड संघाची वैद्यकीय जबाबदारी डॉ. एडवर्ड निकोल्स यांच्याकडे होती. ते बोस्टनचे शल्यचिकित्सक, स्वतः हार्वर्डचे, खेळाशी नातं असलेले. सोबत डॉ. होमर स्मिथ. त्यांनी ठरवलं की हंगामभर या संघाला होणाऱ्या दुखापतींची नोंद ठेवायची. सामने तर सामने, सरावसुद्धा.

संघाने ११ सामने खेळले: ८ जिंकले, २ हरले, १ बरोबरीत. शेवटचा सामना २५ नोव्हेंबरला येलविरुद्ध घरच्या मैदानावर, त्यात ६-० ने हार. हार्वर्डचा फ्रान्सिस बर चेंडू झेलायला उभा असताना त्याचं नाक फुटलं आणि पंचाने त्यावर शिक्षा दिली नाही, यावरून पुढे बराच वाद झाला. योगायोग बघा, युनियनचा मूर गेला तो याच दिवशी. क्रीडा इतिहासात या हंगामाची नोंद अशी आहे. रीडने लिहिलेली त्या हंगामाची डायरीसुद्धा १९९४ मध्ये पुस्तक म्हणून छापली गेली.

डॉक्टरांच्या वहीतला हंगाम वेगळा होता. ४ जानेवारी १९०६ ला 'बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला. हे जर्नल म्हणजे आजचं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'. लेखातला मुख्य आकडा: एका संघाला, एका हंगामात, १४५ दुखापती. त्यातली १९ कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला हिसका बसण्याचे प्रकार. अख्ख्या हंगामात फक्त दोन सामने असे होते ज्यात कुणालाच कन्कशन झालं नाही.

हा काही हाणामारीसाठी बदनाम झालेला संघ नव्हता. पैसा, वैद्यकीय मदत, प्रशिक्षक, सगळं सर्वोत्तम असलेला संघ होता. त्यांची ही अवस्था, तर साध्या शाळेच्या मैदानावर काय होत असेल, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येत होता.

लेखाचे निष्कर्ष थोडक्यात असे: दुखापतींचं प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आहे, आणि निव्वळ खेळ म्हणून ते परवडण्यासारखं नाही. दुखापती मुख्यतः मोकळ्या पळण्यात होत नाहीत, त्या ढिगात होतात. बऱ्याच दुखापती कुणाच्या दुष्टपणामुळे झालेल्या नाहीत. खेळाची रचनाच तशी आहे.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. तोपर्यंतची सगळी चर्चा "रानटी खेळाडू" आणि "सभ्य खेळाडू" यांच्याभोवती फिरत होती. रूझवेल्टच्या बैठकीतून निघालेलं निवेदनही खिलाडूपणे, नियम पाळून खेळू अशा धाटणीचं होतं. नोंदवहीने प्रश्नच बदलला. सगळे नियम पाळून खेळले तरी माणसं मोडत असतील, तर उपदेश करून काय होणार? नियम बदलायला हवेत.

खेळाडू जे सांगत नव्हते

कन्कशनबद्दल डॉक्टरांनी लिहिलेलं वाचताना मला सगळ्यात जास्त थांबावं लागलं. खेळाडू कन्कशनला किरकोळ समजत, त्यावर हसत. काही जण मार लागल्यावरही खेळत राहायचे. पाय चालायचे, अंगवळणी पडलेल्या हालचाली व्हायच्या, पण इशारे लक्षात राहायचे नाहीत आणि नंतर सामना आठवायचा नाही.

इथे संशोधन पद्धतीचा एक मोठा धडा आहे. आपण मोजतो ती गोष्ट आणि माणूस स्वतःहून सांगतो ती गोष्ट यात फरक असतो. हे अंतर कधी लाजेपोटी पडतं, कधी भीतीपोटी. इथे तर खेळाडूला आपल्याला काही झालंय हेच ठाऊक नव्हतं. कॅम्पने शंभर वेळा प्रश्नावली पाठवली असती तरी हे १९ आकडे आले नसते. त्यासाठी रोज मैदानावर उभं राहणारा, खेळाडूला नावाने ओळखणारा आणि "आज हा वेगळा वागतोय" हे टिपणारा माणूस लागला.

आणखी एक. हे डॉक्टर संघाचेच होते. निकाल वाईट आला तर अडचण त्यांच्याच लोकांची होणार होती. तरी त्यांनी आकडा लपवला नाही, हंगाम संपल्यावर दीड महिन्याच्या आत छापला. कॅम्पही आतला माणूस, निकोल्सही आतला माणूस. आतला असणं हा दोष नाही, फायदाच आहे, कारण प्रवेश मिळतो. प्रश्न एवढाच की नोंद करण्याचा नियम निकाल दिसण्याआधी ठरला होता की नंतर.

नियम बदलले, आकडे उतरले, आणि तरीही

जानेवारी १९०६ मध्ये हार्वर्डच्या कारभाऱ्यांनी पवित्रा घेतला: नियम बदलल्याशिवाय आमचा संघ मैदानात उतरणार नाही. मॅक्रॅकन यांच्या पुढाकाराने जमलेल्या कॉलेजांची नवी संघटनाही दबाव टाकत होती. हीच संघटना १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. १९०६ च्या हंगामासाठी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. तीन प्रयत्नांत ५ ऐवजी १० यार्ड. दोन्ही रांगांमध्ये मोकळी जागा. उद्देश एकच, ढीग मोडायचा आणि खेळ मोकळा करायचा.

हार्वर्डच्या नोंदी चालूच राहिल्या. १९०९ मध्ये निकोल्स यांनी फ्रँक रिचर्डसन यांच्यासोबत पुढच्या तीन हंगामांचा लेख त्याच जर्नलमध्ये छापला. दुखापती कमी झाल्या होत्या, कन्कशनही. निष्कर्ष दिलासा देणारा: नियमबदल लागू पडला.

हाच १९०९ चा हंगाम. ३० ऑक्टोबरला हार्वर्डचा सामना वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी होता. समोरच्या संघातला युजीन बर्न ढिगाखाली सापडला, मानेला जबर दुखापत झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. अकादमीने उरलेला हंगाम रद्द केला. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनिया विद्यापीठाचा आर्चर ख्रिश्चन गेला. पुन्हा संताप, पुन्हा बैठका. १९१० मध्ये मागून ढकलणं आणि पुढून ओढणं यावर बंदी आली, सामना चार भागांत विभागला गेला, सात जणांनी पुढच्या रांगेत उभं राहणं सक्तीचं झालं.

मग १९०९ चा लेख खोटा होता का? नाही. तिथे फक्त एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एका संघाच्या तीन हंगामांत जे वारंवार घडतं ते मोजता येतं. मोडलेली हाडं, मुरगळलेले गुडघे, कन्कशन. मृत्यू इतका विरळ असतो की एका संघात तीन वर्षं न दिसणं यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. आकडेवारीत यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: न निरीक्षणांत एखादी घटना शून्य वेळा दिसली, तर तिचा खरा दर ३ भागिले न इतकाही असू शकतो. समजा शंभर खेळाडू तीन हंगाम पाहिले, म्हणजे ३०० निरीक्षणं. शून्य मृत्यू दिसले तरी खरा दर शंभरात एक इतका भयानक असण्याची शक्यता तुमच्या माहितीतून बाद होत नाही. "आढळलं नाही" आणि "होत नाही" यात हे एवढं अंतर आहे. थेसिसमध्ये "कोणताही दुष्परिणाम दिसून आला नाही" हे वाक्य लिहिताना हाताला थोडा ब्रेक लावा.

दुसरी अडचण तुलनेची. १९०५ आणि १९०६-०८ यात नियम बदलले, तसे खेळाडूही बदलले, संरक्षक साहित्य बदललं, सरावाची पद्धत बदलली असू शकते. आधी-नंतरच्या तुलनेत शेजारी नियम न बदललेला संघ नसेल, तर सगळं श्रेय नियमाला देता येत नाही.

शंभर वर्षांची विस्मृती

सगळ्यात मोठी किंमत पुढे मोजावी लागली. ढीग मोडला, मृत्यूंवर चर्चा झाली, मोडलेली हाडं दिसत होती म्हणून त्यांचाही विचार झाला. ती १९ कन्कशनं मात्र मागे पडली. हेल्मेट कॉलेज फुटबॉलमध्ये सक्तीचं झालं ते १९३९ मध्ये. आणि वारंवार डोक्याला मार बसल्याने फुटबॉल खेळाडूच्या मेंदूत होणारा कायमचा ऱ्हास, ज्याला आज सीटीई म्हणतात, त्याचा गाजलेला लेख डॉ. बेनेट ओमालू यांनी लिहिला २००५ मध्ये. त्या हंगामानंतर बरोबर शंभर वर्षांनी. मधल्या काळात किती पिढ्या "किरकोळ" म्हणून हसत उठल्या आणि पुन्हा खेळल्या, याचा हिशेब कुणी देऊ शकत नाही.

छेदाचा प्रश्न मात्र आजही संपलेला नाही. २०१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात फुटबॉल खेळलेल्या २०२ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. १७७ मध्ये सीटीई सापडला. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० मध्ये. बातम्यांत मथळा झाला: ९९ टक्के खेळाडूंना मेंदूचा आजार. पण हे मेंदू दान केलेले होते. दान कोण करणार? ज्या घरातल्यांनी त्या माणसाचा स्वभाव, स्मरणशक्ती ढासळताना पाहिली, ते. लेखकांनी स्वतः ही मर्यादा लेखात स्पष्ट लिहिली होती. कॅम्पच्या नमुन्यात फक्त ठणठणीत लोक होते, इथे त्रास झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. दिशा उलटी, दोष तोच. तरीही १११ पैकी ११० हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मर्यादा सांगणं म्हणजे निष्कर्ष फेकून देणं नव्हे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही हंगाम असतात. समजा तुम्हाला ऊसतोड मजुरांच्या दुखापतींवर काम करायचंय. सोपा मार्ग म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर गावात जाऊन प्रश्नावली भरून घेणं. पण ज्याला मोठी इजा झाली तो हंगामाच्या मध्येच परतला असेल, दवाखान्यात असेल किंवा पुढच्या वर्षी टोळीतच नसेल. कोयत्याचा छोटा घाव, उन्हाने आलेली चक्कर हे तर रोजचंच म्हणून कुणी सांगणार नाही. तुमच्या हाती येईल ती कॅम्पची आवृत्ती. त्याऐवजी एकच टोळी निवडा, पूर्ण हंगाम तिच्या संपर्कात राहा, रोज नोंद ठेवा. नमुना छोटा राहील. गाईड कदाचित म्हणतील, "एवढ्याने काय होणार?" तेव्हा त्यांना सांगा, निकोल्सकडेही एकच संघ होता.

नोंद सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. दुखापत कशाला म्हणायचं, याची व्याख्या. कितीपैकी मोजतोय, म्हणजे किती माणसं आणि किती दिवस. जे मध्येच गळाले त्यांचं काय करणार. आणि एवढ्या नमुन्यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळू शकणार नाही. चौथा मुद्दा सिनॉप्सिसमध्ये लिहिणारे फार कमी असतात. लिहिलात तर परीक्षक नक्की थांबून वाचतील.

निकोल्स आणि स्मिथ यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, सॉफ्टवेअर नव्हतं, पी व्हॅल्यू हा शब्दसुद्धा प्रचारात नव्हता. त्यांच्याकडे एक हंगाम होता आणि रोज मैदानावर जायची तयारी होती. तुमचा हंगाम कोणता, तो ठरला असेल तर खाली कमेंटमध्ये विषय आणि छेद, दोन्ही लिहा. पुढच्या लेखासाठी त्यातलेच दोन-तीन घेऊन त्यांच्या पद्धतीवर सविस्तर बोलू.